पोकळ

झाड कापण्याआधी मी त्याला कान लावतो.
श्रद्धा वगैरे काही नाही, धंद्याची रीत.
कुऱ्हाडीच्या तुंब्यानं ठोकायचं:
भरीव असेल तर खणखणीत बोलतं,
पोकळ असेल तर ढप्प म्हणतं,
आणि ढप्प म्हणणारं झाड
कुठल्या अंगावर पडेल, ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही.

नेत्रावळीच्या वर, रायीत, एक किंदळ होता.
तिघांच्या कवेत न मावणारा.
देवळावर नवे लाल पत्रे चढले होते
आणि किंदळ त्यांवर पानं टाकायचा,
ठरावात एवढाच गुन्हा लिहिलेला.
देसायानं तो मला वाचून दाखवला,
दीड हजार आगाऊ दिले.

मी ठोकलं.
खणखण नाही. ढप्पही नाही.
लांब घाटात ट्रक चढत असावा
तशी आतून घरघर.
पुन्हा ठोकलं तर एकदम फस्स झालं, मग गप्प,
कुणी झोपेत कूस बदलून
"कोण रे?" विचारावं तसं.

मागे कुष्टा वेळीप उभा.
त्यानं अडवलं नाही. विडी मागितली.
"सातेरी आसा भितर," म्हणाला.
मला वाटलं, देवीचं बोलतोय.
देवी तर तिकडे, आपल्या वारुळात,
नव्या फरशीच्या मधोमध, स्टीलच्या कठड्याआड.
"ती न्हय. ही."

बुंध्याला छातीइतक्या उंचीवर भेग होती.
तिच्या ओठावरचं मेण काळं पडलेलं,
येण्याजाण्यानं गुळगुळीत
तिकीटखिडकीच्या कडेसारखं.
एक माशी बाहेर आली, उन्हात थांबली,
माझ्याकडे बघून गेली, किंवा नसेलही बघितलं.

माशीचं नाव आणि देवीचं नाव एकच.
चाळीस वर्षं दोन्ही तोंडात होती,
कधी एकाशेजारी एक ठेवून पाहिली नव्हती.
एक मातीच्या अंधारात, एक लाकडाच्या.
पत्रे दोघींनीही मागितले नव्हते.

"काजू कशी आहे रे तुझी?" कुष्टानं विचारलं.
ओढ्यापलीकडचा डोंगर भाजून
मी नुसती काजूच लावलीय, हे त्याला ठाऊक होतं.
म्हटलं, मोहर मायंदाळ, बोंडू धरत नाही.
"दोन महिने तुझा मोहर.
उरलेले दहा ती काय खातली? तुझी कबुलात?"
इथं एक संपलं की दुसरं लागतं, तो सांगत होता,
कुंभा, मग जांभूळ,
भर पावसात एक वेल, जिचं नाव त्यालाही येईना,
आणि कारवी, जी वर्षानुवर्षं काही देत नाही
आणि एकदा देते तेव्हा ठेवायला जागा पुरत नाही.
"तुझ्या काजवांचं लग्न लावपी भट
हांगच्यान येता, बाबा."

मध त्यानं कधी पुरता काढला नाही.
पिल्लांची पोळी तशीच ठेवायची, मधाची अर्धी.
त्याच्या बापानं एकदा सगळं ओरबाडलं होतं,
त्या वर्षी म्हणे...
पुढचं सांगितलं नाही. विडी विझली होती,
ती पेटवण्यात गोष्ट राहिली.

देसायाला सांगितलं, मशीनची चेन तुटली.
तो हसला. "दुसरी घाल.
नाहीतर दुसरा माणूस आणतो."
आणेल. मी कुणाचा हात धरणार?
दीड हजार परत दिले तेव्हा
त्यातले सहाशे पोरीच्या फीत गेलेले,
ते बायकोच्या डब्यातून काढावे लागले,
आणि तिला कारण सांगायला गेलो तर
तोंडात नुसती घरघर.

संध्याकाळी काजूत गेलो.
कोवळी झाडं, सगळी एका उंचीची, सगळी भरीव.
एकातही कुणाला राहायला जागा नाही.
एका तुऱ्यावर एक माशी होती.
ती उठेपर्यंत उभा राहिलो.
उठली, माझ्या डोक्यावरून ओढा ओलांडून
सरळ चढणीला लागली.
किंदळ तिकडेच आहे. आज तरी आहे.

उद्या केप्याला साग आहे एक, घराच्या दाराजवळचा.
मशीनला तेल घातलंय.
ठोकीन. कान लावीन.
या खेपेला जरा जास्त वेळ.